‘थोडं चाल, बरं वाटेल’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन, आणि पुढची सगळी वर्षं शब्दांशी झटापट करण्यात गेली. तरी आज एका आजाराबद्दल बोलणार आहे, आणि त्याहीपेक्षा, त्या आजारावर डॉक्टरांनी काय करावं हे सांगणाऱ्या एका मार्गदर्शिकेबद्दल. ती आपल्या देशातली नाही, इंग्लंडमधली आहे. पण तिच्यातला सल्ला माझ्या धाकट्या बहिणीला जसा तिथल्या दवाखान्यात मिळाला, तसाच तो रत्नागिरीहून फोनवर माझ्याही तोंडून ऐकावा लागला. म्हणून हे बोलणं.

आमच्याकडच्या मोहल्ल्यांत घरटी एक माणूस परदेशात असतो. कुणी आखातात, कुणी आफ्रिकेत, कुणी इंग्लंडला. माझी बहीण लग्न होऊन लँकेशायरमध्ये गेली त्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली. तिकडे एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची. पहाटे उठून घरचं आवरायचं, तीन मुलांचं करायचं, मग दोनशे पोरांचं जेवण. कोकणातली बाई. दमणं हा शब्द तिच्या तोंडी कधी ऐकला नव्हता.

२००९च्या हिवाळ्यात तिला फ्लू झाला. ताप उतरला, पण ती उठली नाही. म्हणजे उठायची, दोन तास काम करायची आणि दुसऱ्या दिवशी अशी कोसळायची की ग्लास उचलवत नसे. झोप व्हायची, पण विश्रांती व्हायची नाही. बोलताना शब्द सापडायचे नाहीत. उजेड नको, आवाज नको. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ‘नॉर्मल’ आलं. मग एकाने विचारलं, घरची आठवण येते का? नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. असं सव्वा वर्ष गेलं. शेवटी आजाराला नाव मिळालं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. त्याचंच जुनं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, थोडक्यात एम.ई.

नाव मिळालं म्हणून आम्हाला बरं वाटलं. तिला एका खास क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथे तक्ता दिला. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं चालायचं. मग थोडं वाढवायचं, मग अजून थोडं. त्रास वाढला तर घाबरायचं नाही, थांबायचं नाही, शरीराला सवय नाही म्हणून ते होतं. तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “मग बरोबरच आहे. थोडं चाल, बरं वाटेल. आपली अम्मा डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन घाटी चढायची.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पडलो कवी. ‘ऊठ’ नावाची एक कविता लिहून तिला पाठवली. ती तिने वाचली नाही, असं मला कित्येक वर्षांनी कळलं. तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर अक्षरं हलायची.

चार महिन्यांत पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. पाचव्या महिन्यात ती घराचा जिना चढू शकेना. सहाव्या महिन्यात न्हाणीघरापर्यंत जायला मुलाचा आधार लागू लागला. क्लिनिकने तिच्या डॉक्टरांना पत्र लिहून तिची फाइल बंद केली. पत्रात कारण होतं, रुग्णाची उपचारात सहभागी होण्याची तयारी कमी आहे.

आता त्या तक्त्याचं मूळ सांगतो. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ नावाची संस्था आहे. कुठल्या आजारावर काय करावं, काय करू नये, याच्या मार्गदर्शिका ती पुरावे तपासून काढते आणि तिथली सरकारी आरोग्यसेवा त्या मानते. ऑगस्ट २००७मध्ये नाइसने या आजाराची मार्गदर्शिका काढली. सौम्य आणि मध्यम रुग्णांना दोन उपचार द्यावेत असं तिच्यात होतं: एक कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यासाठीचे समुपदेशन, आणि दुसरा ग्रेडेड एक्सरसाइज, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा व्यायाम. त्यामागे एक कल्पना होती. सुरुवातीचा संसर्ग केव्हाच गेलेला आहे, आता उरलंय ते पडून राहिल्याने सुस्तावलेलं शरीर आणि हालचालीची भीती. भीती घालवा, शरीर हलवा, माणूस बरा होईल. ऐकायला किती पटतं पाहा. मलाही पटलं होतं.

ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली होती. डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी मिळून २९२ जण आजारी पडले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’च्या संपादकीयात एम.ई. हे नाव आलं. १९६९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मज्जासंस्थेच्या आजारांत घातलं. आणि १९७०मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की ही साथ म्हणजे सामूहिक हिस्टेरिया असावा. त्यांच्या युक्तिवादातला एक मोठा मुद्दा असा होता की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. त्यांनी जुनी कागदपत्रं चाळली होती, त्या बायकांना ते भेटले नव्हते. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली या लेखाला. पण माझ्या बहिणीला ‘घरची आठवण येते का’ असं विचारणाऱ्या डॉक्टरच्या मागे मला तो लेख उभा दिसतो.

२००७च्या मार्गदर्शिकेला मोठं बळ मिळालं ते २०११च्या फेब्रुवारीत. ‘पेस’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ६४१ रुग्ण, चार गट, सुमारे ५० लाख पौंड खर्च. पैसे देणाऱ्यांत आरोग्य खात्याबरोबर अपंगांना भत्ता देणारं खातंही होतं, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं आहे. समुपदेशनाने आणि व्यायामाने सुधारणा होते, असा तो निष्कर्ष. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. माझ्या मेव्हण्याने एक कात्रण कापून बहिणीच्या उशाशी ठेवलं होतं. चांगल्या मनाने ठेवलं होतं.

या चाचणीत काय झालं, हे समजून घ्यायला मला भाच्याची मदत लागली. तो गणित शिकलेला आहे. त्याने सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. रुग्णाला किती हालचाल करता येते, याला शून्य ते शंभर गुण द्यायचे. ६५ किंवा त्याहून कमी गुण असतील तर तो चाचणीत यायला पुरेसा आजारी. बरा झाला असं म्हणायला आधी ८५ गुण हवेत असं ठरलं होतं. ती अट नंतर बदलून ६० केली. म्हणजे ६५ गुणांचा आजारी माणूस चाचणीत आला, घसरून ६०वर गेला, तरी या मोजमापापुरता तो ‘बरा’ झाला! बरं होण्याच्या इतर अटीही होत्या, हे खरं. पण त्याही सैल केलेल्या होत्या. आपल्याकडे शाळेचा निकाल वाढवायला उत्तीर्णतेचे गुण खाली आणतात, ते निदान पस्तीसच्या खाली जात नाहीत.

आणखी एक गोष्ट. व्यायामाच्या गटातले रुग्ण वर्षभरानंतर सहा मिनिटांत सरासरी ३७९ मीटर चालले. आधी ते ३१२ मीटर चालत होते. धडधाकट माणूस तेवढ्या वेळात सहाशे मीटरच्या आसपास सहज जातो. तर हे चालणं म्हणजे त्या उपचाराचं यश. अंगावर बांधून दिवसभराची हालचाल मोजणारं यंत्रही सुरुवातीला वापरलं होतं. शेवटी मात्र त्याने मोजमाप घेतलं नाही. भिस्त राहिली ती रुग्णांनी भरलेल्या प्रश्नावलीवर. आणि ज्या उपचारात रोज सांगितलं जातं की तुझ्या लक्षणांकडे फार लक्ष देऊ नकोस, त्या उपचारानंतर माणूस प्रश्नावलीत काय भरणार?

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने २०१४ साली माहितीच्या अधिकाराखाली या चाचणीची मूळ आकडेवारी मागितली. विद्यापीठाने नकार दिला. प्रकरण लवादापुढे गेलं. ऑगस्ट २०१६मध्ये निकाल लागला आणि आकडे बाहेर आले. मूळ अटी लावून पुन्हा हिशेब झाला, तेव्हा दोन्ही उपचारांनी बरे झालेल्यांचं २२ टक्के हे प्रमाण समुपदेशनाच्या गटात ७ आणि व्यायामाच्या गटात ४ टक्क्यांवर आलं. फक्त नेहमीची वैद्यकीय देखभाल मिळालेल्यांत ते ३ होतं. चाचणी करणारे आजही आपल्या निष्कर्षांवर ठाम आहेत आणि ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतलेला नाही, हेही सांगायला हवं.

पण माझ्या लेखी चुकीचा हिशेब हा लहान दोष. मोठा दोष व्याख्येत होता. ‘पेस’साठी रुग्ण निवडले ते १९९१च्या ऑक्सफर्ड निकषांवर. त्यांत मुख्य अट एकच, सहा महिने टिकलेला, माणसाला निकामी करणारा थकवा. आता थकवा कुणाला नाही? आपल्या शेजारच्या गोव्यातलंच पाहा. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी छापून आली होती. शंभरातल्या बाराजणींनी सहा महिन्यांहून जास्त काळचा थकवा सांगितला. त्याचा संबंध कशाशी लागला? कर्जाशी, घरात उपास घडण्याशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, मनाच्या दुखण्याशी. आणि आपण ज्याला पहिलं कारण धरतो, त्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी संबंध लागला नाही. त्या बायकांचा थकवा खरा आहे आणि त्यावर इलाजही हवा. पण तो आजार माझ्या बहिणीचा नव्हे. दोघींना एकाच पोत्यात घातलं, तर कुणाला तरी व्यायामाने, कुणाला तरी मन मोकळं केल्याने बरं वाटेलच. आणि तोच उपचार मग तिसरीला लागू होईल.

ती तिसरी कशी असते, हे मी २०१८ साली डोळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी जिवाचा हिय्या करून इंग्लंडला गेलो. मी येणार म्हणून तिने म्हणे आठवडाभर शक्ती साठवली होती. मला तेव्हा ते बोलणं नाटकी वाटलं. पोहोचलो त्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. चाळीस मिनिटं बसली. हसली, गावातल्या कोण कुठे गेलं ते विचारलं, अम्माच्या हातच्या सांदणांची आठवण काढली. मी मनात म्हटलं, हिला काय झालंय? छान तर आहे!

दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने माझ्या खोलीचं दार हळूच लोटून सांगितलं, आज पायांचा आवाज करू नका. तिच्या खोलीत पडदे ओढलेले. कानांवर शिकाऱ्यांसारखी जाड झाकणं. तोंड पांढरं पडलेलं. मी दारात उभा राहिलो तर तिने बोट किंचित हलवलं, ये म्हणायला की जा म्हणायला, मला कळलं नाही. नऊ दिवस ती तशीच होती. चाळीस मिनिटांच्या गप्पांचे नऊ दिवस.

याला वैद्यकीय नाव आहे पोस्ट-एक्झर्शनल मलेझ. मी मराठी शब्द शोधतोय. ‘श्रमोत्तर ग्लानी’ म्हणून पाहिलं, पण ग्लानीत एक गोडवा आहे, तो इथे नाही. श्रमानंतर ढासळणं म्हणू. थकवा हे या आजाराचं फारसं वेगळं लक्षण नाही. हे ढासळणं वेगळं आहे, आणि ते लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. म्हणून व्यायामाच्या खोलीत बसलेल्या माणसाला ते दिसतच नाही. लागोपाठ दोन दिवस सायकल चालवायला लावून श्वास मोजण्याची एक तपासणी आहे. त्यात या रुग्णांची क्षमता दुसऱ्या दिवशी घसरते, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. कोविडनंतर असंच ढासळणाऱ्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे काढून ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तपासले. व्यायामानंतर त्या स्नायूंत इजा दिसली. हे २०२४च्या जानेवारीत छापून आलं. भीती स्नायूत सापडत नाही.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट पाहिली. दुपारी जुहरच्या वेळी तिने डोळे मिटून, नुसत्या पापण्यांच्या हालचालीने नमाज अदा केली. आमच्याकडे हे लहान मुलालाही माहीत असतं. उभं राहवत नसेल त्याने बसून पढावी, बसवत नसेल त्याने पडून, तेही नसेल जमत तर इशाऱ्याने. रमजानचे रोजे आजाऱ्याला माफ. लोक धर्माला कडक म्हणतात; आणि इथे विज्ञानाचा तक्ता म्हणत होता, उभी राहा, रोज थोडी जास्त वेळ. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. मला त्या दुपारी शरम वाटली ती विज्ञानाची नव्हे, माझी. आजाऱ्याला सवलत असते हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ साली हे दोन्ही उपचार आपल्या शिफारशींतून काढले. नाइसनेही फेरविचार सुरू केला. समितीत रुग्णांनाही बसवलं. व्यायामाच्या बाजूचा पुरावा तपासला, तर तो सगळा ‘कमी’ किंवा ‘अतिशय कमी’ दर्जाचा निघाला. रुग्णांच्या संघटना वर्षानुवर्षं आपल्या पाहण्या पुढे करत होत्या, की व्यायामाने माणसं बिघडताहेत. ते पहिल्यांदा कुणीतरी कागदावर घेतलं. नवी मार्गदर्शिका १८ ऑगस्ट २०२१ला यायची होती. आदल्या दिवशी ती थांबवली गेली. काही वैद्यकीय संस्था नाराज होत्या, समितीतल्या काहींनी राजीनामे दिले होते. अखेर २९ ऑक्टोबरला ती आली. आता ढासळणं हे निदानाचं आवश्यक लक्षण आहे. ठरावीक पायरीने वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. समुपदेशन हवं त्याला द्यावं, पण ते आजार बरा करत नाही. आणि रुग्णाने आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहावं, पगार बघून खर्च करावा तसं.

बहिणीला मी हे फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भाई, त्या पत्राचं काय?” फाइल बंद केल्याचं ते पत्र. त्याचं काहीच झालं नाही. जुनी मार्गदर्शिका गेली म्हणून जुने शेरे पुसले जात नाहीत.

नवी मार्गदर्शिकाही अपुरीच आहे. काय करू नये हे तिला कळलंय. काय करावं, हे संशोधनच झालेलं नाही म्हणून कुणालाच नीट सांगता येत नाही. सगळ्यात उघडे पडतात ते अति गंभीर रुग्ण. ऑक्टोबर २०२१मध्येच, ही मार्गदर्शिका निघाली त्याच महिन्यात, एक्सेटर शहरात २७ वर्षांची एक तरुणी वारली. तिला बसवत नव्हतं, चावता-गिळता येत नव्हतं. त्या वर्षात तिला तीनदा रुग्णालयात नेलं होतं. मृत्यूचं कारण: गंभीर एम.ई.मुळे झालेलं कुपोषण. २०२४ साली चौकशी अधिकाऱ्याने नोंदवलं की अशा रुग्णांसाठी सबंध इंग्लंडमध्ये एकही खास खाट नाही, आणि त्यांची देखभाल घरी कशी करायची याचा तपशील नव्या मार्गदर्शिकेत नाही. श्रीमंत देश आहे तो. तिथे भुकेने मेली मुलगी, तीही डॉक्टरांच्या देखत.

२०२५ साली एक अभ्यास आला. इंग्लंडमध्ये या आजाराचे चार लाखांवर रुग्ण असावेत, असा त्यात अंदाज आहे. आणि गोऱ्या माणसांना या आजाराचं निदान मिळण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पाचपट आहे, असं त्यात आढळलं. म्हणजे आमच्या मोहल्ल्यातून गेलेल्या आणखी किती बायका तिकडे ‘घरची आठवण येते का’ या प्रश्नाशी थांबल्या असतील? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा हजारांहून जास्त रुग्णांचा डीएनए तपासणाऱ्या संशोधकांनी आठ ठिकाणी फरक सापडल्याचं जाहीर केलं. उपचार अजून दूर आहे. पण १९७०चा लेख त्यामुळे आणखी जुना झाला.

आपल्याकडे? आपल्याकडे ‘विकनेस’ हा शब्द आहे. एक सलाईन, दोन इंजेक्शनं, बीटकॉम्प्लेक्स, आणि घरी येऊन सासू म्हणणार, सकाळी लवकर उठलीस तर अंगात रग येईल. व्यायाम बहुतेक माणसांना चांगलाच, मधुमेहाला चांगला, हृदयाला चांगला; माझं भाषण ऐकून कुणी सकाळचं फिरणं सोडू नये. पण तापानंतर, कोविडनंतर, चिकनगुनियानंतर कुणी महिनोन् महिने म्हणत असेल की मी काल थोडं केलं आणि आज मेलो, तर ‘काल’ आणि ‘आज’ हे दोन शब्द नीट ऐका. डॉक्टरलाही ते दोन शब्द तसेच सांगा. आमच्या आळीतला एक मुलगा सध्या हेच म्हणतोय. मी त्याच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, पोराला कबड्डी खेळायला पाठवतो. मी दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदाही जाईन.

बहीण आता दिवसातले दोन तास उशीला टेकून बसते. फोनवर बोलत नाही, आवाजाचे छोटे निरोप पाठवते, दीड मिनिटाचे. ‘ऊठ’ ही कविता मी माझ्या संग्रहातून काढली, त्याला आता सहा वर्षं झाली. हे भाषण तिला पाठवू का, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, पाठवा, पण पाच तुकडे करून पाठवा, आणि एका दिवशी एकच.